विझलेल्या भट्ट्यांचा मुलूख

ओसाड पडलेल्या खाणींच्या गावांचा विषय निघाला की दृष्टी प्रथम राजस्थानकडे वळते. अरवलीच्या कुशीतील जावर येथे जस्त गाळण्याच्या, वापरून झालेल्या मातीच्या मुशी एकमेकींवर रचून घरांच्या भिंती उभारलेल्या होत्या. धंदा बुडाला, भिंती राहिल्या. झाशीच्या मुलखाकडे मात्र या दृष्टीने कोणी पाहत नाही. झाशी म्हटली की आपणांस किल्ला आठवतो आणि १८५७ साल आठवते. एवढ्यावरच आपली स्मृती थांबते, हे मला काहीसे कृपणपणाचे वाटते.

१७२९ मध्ये बाजीराव छत्रसालाच्या साहाय्यास धावून गेला आणि त्या उपकाराची फेड म्हणून बुंदेलखंडाचा मोठा भाग मराठ्यांकडे आला. सागरला गोविंदपंतांचा अंमल बसला, झाशीत पुढे नेवाळकरांनी राज्य केले. दोहोंच्या मधल्या टापूत शाहगडचे बुंदेले संस्थान होते. त्याच्या हद्दीतील हिरापूर आणि भोवतालची खेडी लोहखनिजासाठी प्रसिद्ध होती. तेथे शहर वसले नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी मातीच्या लहान भट्ट्या, कातड्याचे भाते आणि कोळशाच्या राशी, एवढाच सारा पसारा. खनिज व कोळसा यांचे थर आलटून पालटून घालायचे, तासन्‌तास भाता चालवायचा, वितळलेले कीट खालच्या छिद्रातून वाहू द्यायचे आणि शेवटी स्पंजासारखा तांबडालाल गोळा बाहेर काढून घणाने ठोकायचा. नांगराचा फाळ, घोड्याची नाल, विळा, कुऱ्हाड हे सारे अशाच गोळ्यांतून जन्मास येई.

हे लोखंड कच्चे किंवा हलके होते, असा समज करून घेऊ नये. जेम्स फ्रँकलिन या इंग्रज अधिकाऱ्याने १८२९ च्या सुमारास मध्य हिंदुस्थानातील खाणी व भट्ट्या पाहून त्यांचे मोजमापांसह वर्णन लिहिले. धरमपाल यांनी ते १९७१ मध्ये आपल्या ग्रंथात पुन्हा छापले, म्हणून आज ते सहज वाचावयास मिळते. १८३० मध्ये सागरच्या टांकसाळीचा अधिकारी प्रेसग्रेव्ह याने शहराजवळच्या नदीवर देशी लोखंडाचा झुलता पूल उभारला. युरोपातही त्या काळी असे पूल नवलाचे होते!

मग भट्ट्या का विझल्या? खनिज संपले नव्हते. १८५७ च्या संग्रामात शाहगडचा राजा बखतबली इंग्रजांविरुद्ध उठला आणि त्याचे संस्थान खालसा झाले. पण भट्टी विझवण्यास तेवढे कारण पुरेसे नव्हते. खरा घाव दोन बाजूंनी पडला. एक शेर लोखंडाला त्याच्या कितीतरी पट कोळसा लागे, आणि १८७८ च्या वनकायद्याने राखीव झालेल्या जंगलात लाकूड तोडणे सोपे राहिले नाही. दुसरीकडे आगगाडीने विलायती लोखंड बाजारात आणून ओतले. १८८९ च्या सुमारास झाशी रेल्वेचे मोठे नाके बनली, १८९५ मध्ये तेथे रेल्वेचा कारखानाही निघाला. एकीकडे झाशीत हजारो हात लोखंडावर राबू लागले, आणि तिच्याच प्रदेशातील लोखंड गाळणारा शेतमजुरीला लागला. इतिहासात अशा जोड्या पुष्कळ आढळतात. पण ही एक मला फार बोचते.

जावरला निदान भिंती तरी राहिल्या. येथे मातीची भट्टी दोनचार पावसाळ्यांत विरघळून जाई, आणि कोणी इमारतच बांधली नव्हती, तर भग्नावशेष तरी कशाचे उरणार? गाव उठले नाही, केवळ धंदा उठला. म्हणून कोणी त्याची नोंदही घेतली नाही. लोखंड गाळण्याच्या अशा जुन्या जागा आता ओळखायच्या त्या काळ्या, जड किटाच्या ढिगांवरूनच. आमच्या वैद्यांना हे कीट ठाऊक आहे. त्याला ते मंडूर म्हणतात, पांडुरोगावर त्याचे भस्म देतात, आणि शंभर वर्षे जुना मंडूर सर्वांत उत्तम, असे मानतात.