शेवटच्या चेंडूचा धनी

आपण मराठी माणसे जिंकलेल्या लढाईचा पोवाडा करतो, तो वर्षातून एकदा गातो आणि कामाला लागतो. हरलेली लढाई मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या लढत राहतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले ते एका दिवसात घडले. ते कोणामुळे घडले, हा वाद मात्र अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. भाऊंमुळे, होळकरांमुळे, की पुण्यात बसलेल्या पेशव्यांमुळे? चार जाणती माणसे पारावर जमली, की आजही यावर रात्र सरते.

मी पालघरचा. माझे आयुष्य इतिहास शिकवण्यात गेले. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका फार लहान पानिपताबद्दल. त्यात कोणाचा जीव गेला नाही. गेली ती एक धाव. पण पराभवाचे खापर फोडायला आपण डोके कसे शोधतो, हे त्या एका धावेतून फार स्वच्छ दिसते.

तारीख १२ मे २०१९. स्थळ हैदराबाद. आयपीएलचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध चेन्नई. मुंबईने ८ बाद १४९ धावा केल्या होत्या. शेवटच्या षटकात चेन्नईला ९ धावा हव्या होत्या आणि चेंडू लसिथ मलिंगाच्या हातात होता. पहिल्या तीन चेंडूंवर चार धावा निघाल्या. चौथ्या चेंडूवर दुसरी धाव घेताना शेन वॉटसन धावबाद झाला. आता दोन चेंडू आणि चार धावा. मैदानात आला शार्दूल ठाकूर. पहिल्या चेंडूवर त्याने दोन धावा काढल्या. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या होत्या. एक मिळाली असती तरी सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हर झाली असती. मलिंगाने संथ यॉर्कर टाकला, चेंडू पॅडवर आदळला, पंचांचे बोट वर गेले. चेन्नई ७ बाद १४८. मुंबई एका धावेने विजयी.

शार्दूल हा आमच्या पालघरजवळच्या माहीमचा मुलगा. मुंबईचे माहीम वेगळे आणि केळव्याशेजारचे आमचे माहीम वेगळे, हे ऐकणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. बोईसरच्या एका शाळेकडून खेळत असताना बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरले. रोजचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून लाडसरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. त्या काळी चर्चगेटची लोकल विरारलाच संपत असे. ती डहाणूपर्यंत आली २०१३ साली. त्याआधी मुंबईच्या मैदानावर पोचायचे, तर पाठीवर किटबॅग घेऊन पहाटेची गाडी गाठायची आणि नव्वदेक किलोमीटर लोंबकळत जायचे, हाच आमच्याकडचा राजमार्ग. पुढे याच मुलाने हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. तो मुंबईकडून रणजी खेळला आणि भारताकडूनही खेळला. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर तो विमानतळावरून अंधेरीला गेला आणि लोकल पकडून पालघरला घरी आला, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे.

आता या कहाणीतला योगायोग पाहा. त्या रात्री मुंबईचा कर्णधार होता रोहित शर्मा. तोही लाडसरांचाच विद्यार्थी आणि त्याच शाळेचा. शार्दूल मोठा फटका मारायला जाणार, हे त्याला ठाऊक होते. शार्दूलला आपण चांगले ओळखतो, म्हणूनच मलिंगाशी बोलून संथ चेंडू ठरवला, असे त्याने सामन्यानंतर सांगितले. म्हणजे शेवटचा चेंडू मलिंगाने टाकला खरा, पण त्यामागे बोरिवलीच्या एकाच शाळेतली ओळख होती.

सामना संपला आणि न्यायालय भरले. त्या आठवड्यात पालघर-बोईसरच्या गाडीत दुसरा विषय नव्हता. एक पक्ष म्हणे, दोन धावाच हव्या होत्या, बॅट सरळ लावायला काय झाले होते? दुसरा पक्ष म्हणे, हरभजनसिंग आणि दीपक चहर शिल्लक असताना याला पाठवलेच कशाला? आणि आमच्यापैकी काहींची पंचाईत अशी, की संघ मुंबईचा जिंकला आणि हरला तो आपल्या गावचा मुलगा. हसावे की रडावे, कळेना.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला माझे नेहमी एक सांगणे असते. निकाल वाचून मागे जाऊ नकोस, सुरुवातीपासून पुढे चालत ये. तसे चालून पाहू.

शार्दूलने त्या दिवशी गोलंदाजीत ३७ धावांत दोन बळी घेतले होते. क्विंटन डी कॉक आणि कृणाल पंड्या हे ते दोघे. चेन्नईच्या डावात सुरेश रैनाने १४ चेंडूंत आठ धावा केल्या, अंबाती रायुडूने एक. महेंद्रसिंग धोनी दोन धावांवर धावबाद झाला. ईशान किशनच्या त्या फेकीवर तिसऱ्या पंचाने दिलेला निर्णय बरोबर की चूक, यावर आजही भांडणे होतात. वॉटसनने ५९ चेंडूंत ८० धावा करून सामना एकट्याने ओढत आणला. त्याच्या गुडघ्यातून रक्त वाहत होते आणि नंतर सहा टाके घालावे लागले, हे दुसऱ्या दिवशी हरभजनने सांगितले तेव्हा जगाला कळले. पण धावबाद झाला तोही वॉटसनच. समोरून जसप्रीत बुमराहने चार षटकांत अवघ्या १४ धावा दिल्या, राहुल चहरनेही तेवढ्याच. आता सांगा, चेन्नईची ती हरवलेली धाव नेमकी कोणाच्या खिशात सापडते? रैनाच्या, रायुडूच्या, धोनीच्या, पंचाच्या, की शार्दूलच्या?

आता उलट बाजू पाहू. मुंबईच्या मलिंगाने आधीच्या तीन षटकांत ४२ धावा दिल्या होत्या. कृणालच्या एका षटकात वीस गेल्या. वॉटसनचे झेल सुटले. १९व्या षटकाचा शेवटचा चेंडू यष्टिरक्षक डी कॉकच्या हातातून निसटला आणि बाइजच्या चार धावा चेन्नईला फुकट मिळाल्या. शार्दूलच्या बॅटची कड लागून चेंडू सीमेकडे गेला असता, तर दुसऱ्या दिवशी डी कॉक खलनायक ठरला असता, मलिंगाची सद्दी संपली असे लेख आले असते आणि पालघर स्टेशनावर शार्दूलची मिरवणूक निघाली असती. कोणाच्याही आधीच्या खेळात रतीभर फरक न पडता! जो गुन्हा एका इंचाने आरोपी बदलतो, त्याला गुन्हा म्हणायचे तरी कसे? खुद्द धोनीने सामन्यानंतर फार शहाणपणाचे उत्तर दिले. दोन्ही संघ एकमेकांना चषक देऊ करत होते, दोघांनीही चुका केल्या आणि एक चूक कमी करणारा जिंकला, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

हैदराबादेतच दोन वर्षांपूर्वी, २१ मे २०१७ रोजी, मुंबईने पुण्याच्या संघाला असेच एका धावेने हरवले होते. त्या पुणे संघातही शार्दूल होता. पण त्या पराभवाशी त्याचे नाव कोणी जोडत नाही, कारण शेवटच्या चेंडूवर बॅट त्याच्या हातात नव्हती.

आता पुन्हा पानिपताकडे येऊ. ज्या सदाशिवरावभाऊंवर आपण पराभवाचा ठपका ठेवतो, ते चिमाजी अप्पांचे चिरंजीव. आमच्या किनाऱ्याला चिमाजी अप्पांची ओळख करून द्यायला नको. १७३९च्या जानेवारीत त्यांच्या मोहिमेत माहीम आणि तारापूर पोर्तुगीजांकडून घेतले गेले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. बापाच्या वाट्याला विजय आला आणि मुलाच्या वाट्याला कायमचा वाद. भाऊ हट्टी होते, हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला, असे आपण ऐकत आलो. हा झाला शेवटचा चेंडू. पण त्याआधी ऑक्टोबरात अब्दाली यमुना ओलांडून आला होता आणि दिल्लीची वाट तुटली होती. छावणीत लढणाऱ्यांबरोबर न लढणाऱ्यांचा आणि यात्रेकरूंचा प्रचंड भार होता. अब्दालीची रसद मारायला निघालेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. माणसे आणि जनावरे उपाशी होती. उत्तरेत मित्र उरले नव्हते आणि पेशव्यांची कुमक पोचली नव्हती. ही सगळी षटके टाकून झाल्यावर भाऊ खेळायला उभे होते. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी 'पानिपत : १७६१' लिहून भाऊंकडे नव्या नजरेने पाहायला लावले, ते १९६१ साली. म्हणजे न्याय्य सुनावणीला दोनशे वर्षे लागली!

हा रोग केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत त्यांचा जो फुटबॉल खेळतात, त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. संघ जिंकला तर तो देव, हरला तर दगड. २०१५च्या सुपर बोलमध्ये सिएटलचा संघ विजयरेषेपासून एका यार्डावर होता आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला होता. क्वार्टरबॅक रसेल विल्सनने चेंडू फेकला आणि तो न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने मधल्यामध्ये पकडला. सिएटल २४-२८ असे हरले. फेकणारा विल्सन दोषी, की पळवण्याऐवजी फेकायची चाल ठरवणारा प्रशिक्षकवर्ग? तिकडे हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे चेतन शर्माचे काय झाले? १८ एप्रिल १९८६, शारजा. शेवटच्या चेंडूवर चार हव्या असताना जावेद मियांदादने षटकार मारला. भारताच्या डावात एक बाद दोनशेच्या पुढे गेलेली मजल शेवटी २४५ वरच अडली, याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. पुढच्याच वर्षी नागपूरला याच चेतनने विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली. लोकांच्या लक्षात राहिला तो फुलटॉस. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २००३च्या अंतिम सामन्यात पहिल्या षटकात १५ धावा दिल्या. ऑस्ट्रेलियाने एकूण ३५९ केल्या आणि भारत १२५ धावांनी हरला, पण वर्षानुवर्षे चर्चा त्या एका षटकाची. त्याला दुसरी संधी मिळाली. २०११च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर त्याच्या सुरुवातीच्या पाच षटकांत तीन निर्धाव, सहा धावा आणि एक बळी होता.

शार्दूललाही संधी मिळाली. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला त्याने ६७ धावा केल्या, सामन्यात सात बळी घेतले आणि १९८८ पासून तिथे न हरलेला ऑस्ट्रेलिया हरला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला दुबईत आयपीएलचा अंतिम सामना झाला. पुन्हा चेन्नईच. कोलकात्याची सलामीची जोडी नव्वदीपार गेली असताना शार्दूलने एकाच षटकात दोन बळी घेतले आणि सामना फिरला. चेन्नई २७ धावांनी जिंकली.

मंडळी, इथे टाळ्या वाजवून थांबता येईल. पण मग त्याने पुढे पराक्रम केला म्हणून तो सुटला, असा अर्थ होईल. तो मला मान्य नाही. भाऊंना दुसरा सामना मिळाला नाही. बहुतेकांना मिळत नाही. निर्दोष ठरण्यासाठी पुढे विजय मिळवावाच लागेल, ही अट अन्यायाची आहे.

म्हणजे कोणालाच जबाबदार धरायचे नाही काय? तसे नाही. फटका चुकला, हे म्हणायला हरकत नाही. त्याशिवाय कोणी सुधारणार नाही. पण निवाड्याआधी तीन प्रश्न विचारावेत. त्या क्षणी त्याच्यापुढे पर्याय किती होते? त्याला तिथे उभे कोणी केले? आणि त्याच्या आधी कोणाकोणाचे काय सुटले होते? एवढे विचारले तरी चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची वेळ क्वचित येईल.

हे मी क्रिकेटपुरते सांगत नाही. आमच्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हजारो माणसे पाळीवर कामाला जातात. कारखाना कोणताही असो, काही बिघडले की पहिला प्रश्न येतो, पाळीवर कोण होते, शेवटचा हात कोणाचा लागला होता? दुरुस्ती कोणी लांबवली, माणसे कोणी कमी केली, इशारा कोणी वाचला नाही, हे प्रश्न नंतर येतात आणि कधी कधी येतच नाहीत. शेवटच्या चेंडूवर उभा असलेला तो माणूस रात्रपाळी संपवून बोईसरला गाडीत बसतो, तेव्हा त्याला कोणी ओळखत नाही आणि त्याचा धावफलकही कोणी पहिल्या षटकापासून वाचत नाही. तो तसा वाचायची सवय क्रिकेटवर बोलताना लागली, तरी पुष्कळ झाले.