एक ना धड, भाराभर चिंध्या? लोणावळ्याचा छापखाना, खडकीचे इंजिन आणि जे. जे.चे दोन विद्यार्थी

१/ पुण्याहून लोणावळ्याला निघालेली लोकल खडकी ओलांडते, मुळा नदीवरून दापोडीत शिरते आणि कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव अशी स्थानके मागे टाकत घाटमाथ्याकडे जाते. या कारखानदारीच्या पट्ट्याच्या दोन टोकांशी दोन नावे जोडलेली आहेत. एक भारतीय चित्रपटाचे, दुसरे महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचे. दोघांचाही प्रारंभ मात्र चित्रकलेच्या वर्गात झाला.

२/ आपल्याकडे अनेक गोष्टींत रमणाऱ्या मुलाला एक म्हण हमखास ऐकवली जाते : ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ धुंडिराज गोविंद फाळके आणि लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर या दोघांनाही ती चपखल लागू पडली असती. त्यांच्या चिंध्यांचे पुढे काय झाले, याचा हा मागोवा.

३/ लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. फाळके यांचा १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ च्या सुमारास दोघेही मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. लक्ष्मणरावांच्या वडिलांना मुलाचे हे वेड पसंत नव्हते. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पैशाचा भार उचलला, म्हणून ते मुंबईस येऊ शकले.

४/ दोन वर्षांतच लक्ष्मणरावांच्या वाट्याला एक कठोर सत्य आले. त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्यासाठी याहून मोठा आघात कोणता? रंग हातचे गेले, पण रेषा उरली होती. त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

५/ कागदावर यंत्र काढणाऱ्याला ते चालवून पाहण्याची ओढ लागली. शिक्षकी सांभाळून लक्ष्मणराव पुस्तके वाचत आणि कारखान्यांत जाऊन प्रत्यक्ष कामे शिकत. मग सायकलचे वेड लागले. रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि गिऱ्हाइकाला त्या चालवायला शिकवणे असा सगळा खटाटोप तेथे चाले.

६/ संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला ती देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. हाताशी होते ते रेखाटन, यंत्रे हाताळण्याची सवय आणि शेतीविषयीचे कुतूहल. या तिन्ही गोष्टी प्रथम कडबा कापण्याच्या यंत्रात आणि मग लोखंडी नांगरात एकत्र आल्या.

७/ नांगर तयार झाला, पण कोणी विकत घेईना. लोखंडामुळे जमीन नासते, अशी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. त्या काळात त्यांना नादिष्ट म्हणणाऱ्याला उत्तर देण्याजोगे त्यांच्यापाशी काहीही नव्हते. अनेक छंदांचा हिशेब मध्येच मांडला, तर तो नेहमी तोट्याचाच दिसतो.

८/ आता दुसरा विद्यार्थी. जे. जे.नंतर फाळके बडोद्याच्या कलाभवनात गेले. तैलरंग, जलरंग, वास्तुरचना, मूर्तिकाम यांबरोबरच छायाचित्रणाचे वेड त्यांना तेथेच जडले. आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृती त्यांनी बनवली आणि १८९२ च्या अहमदाबाद येथील प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. रतलामला जाऊन त्यांनी तिरंगी ठसे बनवण्याची कला आत्मसात केली.

९/ पोटासाठी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला, तो चालला नाही. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. दौऱ्यावर आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने प्रयोगही केले. १९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली. तीही त्यांनी १९०६ मध्ये सोडली.

१०/ आणि येथे लोणावळा या कथेत येते. जवळच मळवली येथे राजा रविवर्मा यांनी सुरू केलेला शिळाछापखाना होता. देवादिकांची चित्रे तेथून घरोघरी पोहोचत. फाळके यांनी लोणावळ्यात ठसे बनवण्याचा व छपाईचा कारखाना काढला आणि रविवर्मा छापखान्याचीही कामे केली. पुढे तो दादरला हलला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले.

११/ हा स्वदेशीच्या चळवळीचा काळ होता. याच रेल्वेमार्गावर तळेगावला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. एकेक पैसा वर्गणी जमवून शिक्षण आणि उद्योग एकाच छपराखाली आणण्याची ती धडपड होती. देशी नांगर, देशी काच, देशी छपाई यांना वेगळेच तेज होते. अशा काळातही भागीदारांशी मतभेद होऊन फाळके छपाईच्या धंद्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडले.

१२/ चाळिशीला आलेला, घरसंसार असलेला, एकही धंदा टिकवू न शकलेला गृहस्थ अशीच १९११ मधील फाळके यांची जगाच्या लेखी ओळख होती. त्याच सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण कधी दिसतील, हा विचार मनात ठाण मांडून बसला. रात्रंदिवसच्या अभ्यासाचा ताण डोळ्यांवर येऊन काही काळ त्यांची दृष्टीही गेली. उपचारांनी ती परत मिळाली.

१३/ विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथील शिक्षणाला त्यांना जेमतेम दोन आठवडे पुरले. हा काही चमत्कार नव्हे. छायाचित्रण, रसायने, प्रकाश आणि भिंगे यांच्याशी त्यांची वीस वर्षांची ओळख होती. नवे शिकायचे होते ते फक्त चित्र हलवण्याचे तंत्र.

१४/ परतल्यावर भांडवलदाराची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली. ही कल्पना सुचण्यासाठी छायाचित्रकाराचा संयम आणि जादूगाराची नजर दोन्ही लागतात. फाळके यांच्याकडे दोन्ही होते.

१५/ मग ‘राजा हरिश्चंद्र’. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी दाखवला गेला. या चित्रपटाकडे फाळके यांच्या आयुष्याची यादी म्हणून पाहता येते. नेपथ्यात नाटकाचे पडदे रंगवणारा हात, वास्तूंत कलाभवनातील धडे, देवांच्या रूपांत छपाईची चित्रे, फिल्म धुण्यात छायाचित्रकाराची अंधारखोली आणि ऋषी-देवांच्या अकस्मात प्रकट होण्यात प्रोफेसर केल्फा.

१६/ मात्र या यादीत एक नाव बहुधा राहून जाते. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई. कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडण्यापासून चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परावर्तित करण्यापर्यंतची कामे त्यांनी केली. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. एका माणसाच्या अनेक छंदांचा भार दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर असतो, हे इतिहासाने विसरता कामा नये.

१७/ इकडे बेळगावात नगरपालिकेच्या योजनेमुळे लक्ष्मणरावांना कारखान्याची जागा सोडावी लागली. मदतीला धावले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. तेही असेच बहुछंदी होते. स्वतः चित्रे काढत, कीर्तन करत, सूर्यनमस्कारांचा प्रसार करत. पुढे १९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर त्यांनी कलासंग्रहालय उभारले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि भांडवलासाठी कर्ज दिले. मार्च १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

१८/ किर्लोस्करवाडीतून नांगर, पंप, ऊस गाळण्याचे चरक निघाले आणि मासिकही निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे ‘शंवाकि’, हेही चित्रकलेचे विद्यार्थी. पंडित सातवळेकर यांच्याकडे लाहोरला त्यांनी चित्रकला शिकली होती. १९२० मध्ये त्यांनी कारखान्याच्या मालाची माहिती देणारी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. पाहता पाहता ती मराठीतील मान्यवर मासिक ‘किर्लोस्कर’ झाली. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ या भगिनी मासिकांची भर पडली.

१९/ दोन्ही कथांचा शेवट मात्र सारखा नाही. फाळके यांनी ‘लंकादहन’, ‘कालिया मर्दन’ यांसारखे चित्रपट केले. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पण भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले. ते काशीला गेले, तेथे नाटक लिहिले, परत आले. बोलपटांच्या युगात त्यांना जागा उरली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, ते आर्थिक ओढगस्तीतच.

२०/ दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. सूत्रे लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांच्याकडे होती. नदीपलीकडे तेव्हा पिंपरी-चिंचवड ही खेडीच होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरीपासून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले. या पट्ट्याचा आरंभ त्यांनी पाहिला होता.

२१/ एकाच कलाशाळेतून निघालेल्या दोन वाटांत एवढे अंतर का पडले? प्रतिभेत फाळके तसूभरही कमी नव्हते. लक्ष्मणरावांच्या छंदांना मात्र घर मिळाले. वसाहतीचा कारभार पाहणारे रामूअण्णा, शाळेच्या चौकटीत न मावलेले पण यंत्रात तरबेज झालेले अनंतराव फळणीकर, जमीन देणारा कलावंत राजा आणि लेखणी सांभाळणारे शंवाकि. फाळके यांच्या पाठीशी सरस्वतीबाई होत्या, संस्था नव्हती.

२२/ म्हणजे म्हण खोटी ठरते का? अर्धी. अनेक छंद जोपासल्याने माणूस आपोआप मोठा होत नाही. पण एक वाट बंद झाली तर दुसरी दिसते, हे रंग न ओळखू शकणाऱ्या चित्रकाराने दाखवले. आणि जे काम जगात अजून अस्तित्वातच नाही, त्याचे शिक्षण कोणत्याच शाळेत मिळत नाही. ते निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा करावे लागते, हे लोणावळ्याच्या छापखानदाराने दाखवले.

२३/ आजही या पट्ट्यात पाळी संपवून कामगार नाट्यस्पर्धेच्या तालमीला जाणारे, गणेशोत्सवात हलत्या देखाव्याची यंत्रणा स्वतः जुळवणारे फिटर आणि वेल्डर आहेत. घरी त्यांनाही ती म्हण ऐकावी लागत असेल. चिंध्या वाया जातात असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा आजीच्या गोधडीकडे पाहावे. चिंध्या तिथेही भाराभरच असतात. पण कोणीतरी बसून त्यांना टाके घातलेले असतात.

#इतिहास #मराठी #पिंपरीचिंचवड