कुलवृत्तांत आणि पेटंटचें दप्तर

कुलवृत्तांत लिहावयास बसणाऱ्यास आपल्या वंशांत एखादा कर्ता पुरुष निघावा अशी इच्छा असतेच. वऱ्हाडांत तो बहुधा देशमुख, देशपांडे, निदान एखाद्या सनदेचा धनी तरी असतो. आमच्या घरीं सनद नव्हती. तिच्याऐवजीं एक हकीकत होती: आमच्या पणजोबांनीं अकोल्याच्या एका जिनांत फिटर असतांना सरकी काढण्याच्या यंत्रांत सुधारणा केली, आणि तिचें पेटंट एका साहेबानें परभारें आपल्या नांवावर घेतलें. ही गोष्ट कागदानें सिद्ध करावी म्हणून आम्ही जुन्या दप्तरांच्या मागें लागलों.

यंत्राविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. घरगुती चरकींत दोन लाटांमधून रुई पलीकडे जाई व सरकी अलीकडे राही. एली व्हिटने या अमेरिकनानें १७९४ सालीं पेटंट घेतलें तें दात्यांच्या यंत्राचें. वऱ्हाडच्या जिनांत मात्र राज्य चाललें तें फोन्स मॅकार्थी यानें १८४० सालीं अलाबामांतून पेटंट घेतलेल्या लाटेच्या यंत्राच्या वंशजांचें. त्यांत चामडें चढविलेली लाट तंतु ओढते. तिला टेकून एक स्थिर सुरी असते, व हलणारी दुसरी सुरी सरकी झटकून टाकते. अमेरिकेंतील यादवीनें कापसाचा भाव चढला, १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला, १८७० सालीं जलंब-खामगांव फांटा उघडावयास खुद्द लॉर्ड मेयो आले, आणि पुढें अकोला-अमरावतीकडे जिनांची धुरांडीं उभीं राहिलीं. यंत्र विलायतेहून येई. त्याची मोडतोड मात्र येथेंच निस्तरावी लागे. फिटरची अक्कल अशा वेळीं कामास येई, पण तिची नोंद कोण ठेवणार?

नोंदीचा कायदा तर होता. १८५६ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत शोधकास चौदा वर्षांचा एकाधिकार मिळूं लागला, आणि पहिला अर्ज आला तो कलकत्त्याच्या डी पेनिंग नामक इंजिनियराचा, पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल! वैशाखांत अकोल्यास राहिलेल्या मनुष्यास ही निवड पटेल. राणीची पूर्वसंमति न घेतल्यामुळें तो कायदा रद्द होऊन १८५९ त नवा आला. १९११ च्या कायद्यानें कलकत्त्याची पेटंट कचेरी आली. वऱ्हाडची गोष्ट आणखीच विचित्र. १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, पण मुलूख निजामाचा. त्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथें आपोआप लागू नव्हते, ते जाहीरनाम्यानें लावावे लागत. तपशीलवार वर्णन, नकाशे आणि फी यांची जुळवाजुळव मासिक पगाराच्या मनुष्यास कितपत साधणार? मुंबईचे शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) टाइप ओतण्याच्या यंत्राचीं पेटंटें घेऊन लंडनास व पुढें न्यूयॉर्कला गाजले. पण भांडवलाकरितां त्यांनाही दादाभाई नौरोजींचा आधार शोधावा लागला होता.

आम्हीं छापील याद्या वर्षामागून वर्ष चाळल्या. पणजोबांचें नांव नव्हतें, हें अपेक्षितच होतें. पण त्या साहेबाचेंही नांव नव्हतें! येथें आम्ही थबकलों. नोंद नाहीं म्हणून सुधारणा झालीच नाहीं असें ठरत नाहीं. परंतु ज्यानें पेटंट घेतल्याचा पुरावाच नाहीं, त्या मनुष्यास आमच्या घरानें तीन पिढ्या चोर म्हटलें होतें. लहानपणीं त्याचें नांव आम्ही शिवीसारखें उच्चारीत असूं.

उरली ती एक चोपडी. उधारीच्या जमाखर्चामध्यें पेन्सिलीनें सरकी गळण्याच्या जाळीची आकृति काढली आहे. फटींचीं मापें सुतांत दिलीं आहेत, आणि एक माप खोडून त्यावर अर्धा सूत वाढविला आहे. हस्ताक्षर पणजोबांचें. जाळी त्यांनीं नवी कल्पिली कीं मोडलेली जुनी उतरून घेतली, तें चित्रावरून कळत नाहीं.

कुलवृत्तांतांत आम्हीं त्यांच्या नांवापुढें 'शोधक' हा शब्द घातला नाहीं. 'जिनांत फिटर' एवढेंच लिहिलें व साहेबाची हकीकत सबंध गाळली. आमच्या वडील आत्याबाईंना तें रुचलें नाहीं. "मग हा अर्धा सूत कोणी वाढविला?" असें त्यांनीं विचारलें. त्या पानाचें छायाचित्र त्यांच्या आग्रहास्तव ग्रंथांत घातलें आहे.