चार गुणांची आघाडी, तरीही बरोबरी

वर्गात बुद्धिबळाचा पट असेल तर एक मांडणी करून पाहावी. काळा राजा ए-८ या कोपऱ्यातील घरात. पांढरा राजा बी-६ वर, पांढरे प्यादे ए-६ वर आणि उंट डी-४ वर. खेळी काळ्याची. उंटाचे ३ आणि प्याद्याचा १ असे पांढऱ्याचे ४ गुण जास्त आहेत. तरीही हा डाव जिंकता येत नाही. काळा राजा बी-८ वर येतो. प्यादे ए-७ वर ढकलून शह दिला की परत कोपऱ्यात शिरतो. आता पांढऱ्याने जवळून पहारा ठेवला, तर काळ्याला शह नसतो आणि हलायला घरही नसते. हेच स्टेलमेट. पहारा सैल केला तर राजा कोपऱ्याभोवती फिरत राहतो. ए-८ हे घर पांढरे आणि उंट काळ्या घरांतला, त्यामुळे कोपऱ्यावर उंटाचा मारा कधीच पोहोचत नाही. हाच उंट पांढऱ्या घरांतला असता तर डाव सहज जिंकला असता!

स्टेलमेट म्हणजे बरोबरी, हा काही निसर्गनियम नव्हे. जुन्या शतरंजमध्ये कोंडलेला खेळाडू हरत असे, तर सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तोच चक्क जिंकत असे! आजचा नियम तिथे एकोणिसाव्या शतकात रुळला.

क्लॉड शॅनन यांनी १९५० साली संगणकाला बुद्धिबळ शिकवण्यावर लेख लिहिला. खेळाची पूर्ण माहिती असेल तर कोणत्याही स्थितीची किंमत तीनपैकी एकच असेल, असे त्यांनी त्यात मांडले: विजय +१, बरोबरी ०, पराजय -१. पण ही माहिती कोणाजवळ आहे? म्हणून त्यांनी अंदाजाचे सूत्र सुचवले: वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३, प्यादे १, शिवाय मोहऱ्यांच्या हालचालीला थोडे गुण. हे सूत्र डावाच्या मध्यात चांगले चालते, अखेरीस मात्र फसते. दोन घोडे विरुद्ध एकटा राजा, म्हणजे तब्बल ६ गुणांची आघाडी, पण मात सक्तीने देता येत नाही.

स्टेलमेट ओळखणे त्यामानाने सोपे. नियमात बसणारी एकही खेळी नसेल, तर राजाला शह आहे का ते पाहायचे. असेल तर मात, नसेल तर शून्य. अडचण असते ती शोधाच्या टोकाला. वेळ वाचवण्यासाठी आज्ञावली तिथे बहुधा फक्त मारामारीच्या खेळ्या तपासते, आणि मग कोंडी दिसतच नाही. अपुरी माहिती ठरावीक सूत्रात घातली की उत्तर ऐटीत चुकते. प्रयोगशाळेतही आम्हाला हा अनुभव नवा नाही.

खरा मार्ग उलटा निघाला. मात झालेल्या सर्व स्थितींपासून सुरुवात करायची आणि एकेक खेळी मागे जायचे. ज्या स्थितीतून जिंकलेल्या स्थितीत जाता येते, ती जिंकलेली. जिथून प्रत्येक वाट प्रतिस्पर्ध्याच्या विजयाकडेच जाते, ती हरलेली. शेवटी जे उरते ते बरोबरीचे. टोमास श्ट्रोलाइन यांनी १९७० साली म्युनिकमध्ये डॉक्टरेटच्या प्रबंधात हे काही सोप्या अखेरींसाठी करून दाखवले.

बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन यांनी १९७७ साली वजीर विरुद्ध हत्ती या अखेरीची संपूर्ण सारणी तयार केली. हा विजय पुस्तकांत सोपा मानला जाई. हत्तीची बाजू सारणीकडे देऊन अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांना वजीर दिला. ३१ खेळ्यांत जिंकता येणारी ती स्थिती त्यांना ५० खेळ्यांतही जिंकता आली नाही. अभ्यास करून ते पुन्हा बसले आणि बरोबर पन्नासाव्या खेळीला हत्ती मिळवला!

हा ५० चा आकडा नियमातला आहे. दोन्ही बाजूंच्या ५०-५० खेळ्यांत प्यादे हलले नाही आणि मोहरे मारले गेले नाही, तर बरोबरीचा दावा करता येतो. पुढे सात मोहऱ्यांच्या सारण्यांत मातीला ५४९ खेळ्या लागणारी स्थितीही सापडली. त्यामुळे रोनाल्ड डी मान यांच्या २०१३ सालच्या सिझिजी सारण्यांत शॅनन यांच्या तीन किमतींच्या पाच झाल्या. विजय, बरोबरी आणि पराजय यांच्या मध्ये दोन नव्या आल्या: नियमाने हिरावलेला विजय आणि नियमाने वाचवलेला पराजय.