आधी छत्री, मग उपग्रह

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षकांनी मला विचारलेला प्रश्न अगदी व्यावहारिक होता. शाळेला छोटी देणगी मिळाली होती. तीतून दरमहा वर्गणी न भरता शैक्षणिक वाहिन्या पाहता येतील असा उपग्रह-ग्राहक संच घ्यायचा होता. दुकानदाराने चार वेगवेगळ्या किमतींची खोकी पुढे ठेवली होती. यांतले कोणते घ्यावे? उत्तर मी दोन वाक्यांत दिले, पण परतीच्या प्रवासात मनात आले की हाच प्रश्न आपल्या देशाने एकदा २४०० खेड्यांसाठी सोडवला होता.

सप्टेंबर १९६९ मध्ये भारताचे अणुऊर्जा खाते आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. नासाचा एक उपग्रह वर्षभर भारताला वापरायला मिळणार होता आणि त्यावरून खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोहोचवायची होती. ही कल्पना विक्रम साराभाईंची. प्रयोग पाहायला मात्र ते राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या काळी उपग्रहाचा संदेश पकडणे म्हणजे काय प्रकरण होते, हे पाहायला दूर जायला नको. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. तिथल्या छत्रीचा व्यास सुमारे ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा! सुमारे ३६,००० किलोमीटरवरून येणारी शक्ती इतकी क्षीण असे की ती गोळा करायला एवढे मोठे ताट लागे. देशात पाच लाखांहून अधिक खेडी. प्रत्येक खेड्यात आर्वी उभारणे अर्थातच अशक्य होते.

म्हणून विचार उलट्या दिशेने झाला. खेड्यातील संच किती स्वस्त, किती हलका आणि किती सोपा हवा हे आधी ठरवायचे आणि उरलेला सारा भार उपग्रहावर टाकायचा. उपग्रह एकच असतो. तो महाग पडला तरी चालेल. संच हजारो लागतात. तिथे वाचलेला प्रत्येक रुपया हजारोंनी गुणला जातो. माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत मोठा शास्त्रीय निर्णय हाच होता. तो घेताना कोणताही नवा शोध लावावा लागला नाही, हे विशेष.

३० मे १९७४ रोजी सोडलेल्या एटीएस-६ या उपग्रहावर ९ मीटर व्यासाची घडीची छत्री होती. ॲल्युमिनियमच्या ४८ काड्यांवर धातूचा लेप दिलेली जाळी ताणलेली. अवकाशात गेल्यावर ती उघडली. तिच्यातून ८६० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर ८० वॅटचे प्रक्षेपण भारताकडे वळवले गेले. ८० वॅट म्हणजे घरातल्या एका पंख्याला लागते साधारण तेवढी शक्ती. पण आकाशातील छत्रीच मोठी असल्याने ती इतस्ततः न विखुरता भारतावर एकवटत होती.

या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर येते. (प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागून विद्यार्थ्यांना हे काढता येईल.) जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शापेक्षा लहान असली की त्या लहरींना जाळी आणि अखंड पत्रा यांत फारसा फरक वाटत नाही. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारावरील सच्छिद्र पत्रा याच तत्त्वावर काम करतो. म्हणून खेड्यातील ३ मीटर व्यासाची छत्री चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची केली गेली. जाळी हलकी, वारा तिच्यातून आरपार जातो आणि दुरुस्ती गावातही होऊ शकते.

आणखी एक फायदा हिशेबात दडलेला आहे. छत्रीला किती अंशांच्या कोनातले स्पष्ट ‘दिसते’, हे स्थूलमानाने ७० गुणिले तरंगलांबी भागिले व्यास या सूत्राने मिळते. इथे उत्तर सुमारे ८ अंश येते. म्हणजे छत्री लावताना एखाद्या अंशाची चूक झाली तरी चित्र जात नाही.

संचाचा आराखडा अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात तयार झाला आणि हैदराबादच्या ईसीआयएलने संच बनवले. साध्या दूरचित्रवाणी संचाला उपग्रहाचा संदेश समजत नसे, म्हणून मध्ये एक रूपांतरक जोडलेला होता. १ ऑगस्ट १९७५ रोजी आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, मध्य प्रदेश, बिहार आणि राजस्थान या सहा राज्यांत कार्यक्रम सुरू झाले. उपग्रह ३५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे केनियाच्या माथ्यावर होता. त्यामुळे सोलापूरच्या पलीकडे गुलबर्ग्याच्या खेड्यांत छत्र्या पश्चिमेकडे, क्षितिजापासून सुमारे ३९ अंशांवर रोखलेल्या असत. एका चित्राबरोबर दोन ध्वनी पाठवण्याची सोय होती. तेच चित्र पाहताना एका राज्यात तेलुगू तर दुसऱ्यात कन्नड ऐकू येई. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी असे. सुट्ट्यांत हजारो प्राथमिक शिक्षकांना याच संचांवरून विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण दिले गेले.

कोलंबोत राहणाऱ्या आर्थर क्लार्क यांच्या घरावरही आपल्या अभियंत्यांनी असा एक संच बसवून दिला. भूस्थिर उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल असे त्यांनी १९४५ मध्येच लिहिले होते. ही भेट त्यांना शोभणारीच म्हणायची.

३१ जुलै १९७६ रोजी कराराची मुदत संपली आणि उपग्रह परत गेला. सगळ्या जाळ्या जागच्या जागी होत्या, पण त्यांना पाहायला आकाशात काही उरले नव्हते. काही गावांना पुढे जमिनीवरील प्रक्षेपकांमुळे पुन्हा चित्र मिळाले. छत्री मात्र निरुपयोगी झाली. हे शल्य प्रयोगाच्या गौरवात सहसा सांगितले जात नाही. संच आपला होता, उपग्रह आपला नव्हता.

उपग्रह आपला झाल्यावरही संच जुने होणे थांबले नाही. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१बी वरून खेड्यांसाठीचे प्रक्षेपण अडीच हजार मेगाहर्ट्झच्या आसपास होते. त्याला वेगळे संच लागले. विदर्भातील खेड्यांना ते या वेळी मिळाले. १९९१ पासून केबलवाल्यांच्या छत्र्या गच्च्यांवर दिसू लागल्या. त्या तिसऱ्याच पट्ट्यातल्या होत्या. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची वर्गणीमुक्त सेवा ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली. तिच्या लहरी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरच्या. त्यांच्यासाठी खुराड्याची जाळी म्हणजे उघडी खिडकीच. छत्री पत्र्याचीच हवी.

ही नवी छत्री अवघी ६० सेंटिमीटरची, म्हणजे जुनीच्या क्षेत्रफळाच्या पंचविसावा भाग. उपग्रह पंचवीसपट शक्तिमान झाले म्हणून हे घडले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. छत्रीच्या तोंडाशी बसवलेला विवर्धक, ज्याला एलएनबी म्हणतात, स्वतःची खरखर पूर्वीपेक्षा कितीतरी कमी मिसळतो. आणि अंकीय संदेश थोडे आकडे बिघडले तरी ते दुरुस्त करून घेतो. कमी गोळा केलेले अधिक काटकसरीने वापरले जाते, एवढेच.

तेव्हा साताऱ्याच्या शिक्षकांना मी सांगितले ते असे. छत्री टिकेल, खोका टिकेलच असे नाही. दुकानातील सर्वांत स्वस्त खोक्याला एमपेग-२ पद्धतीचेच चित्र उलगडता येत होते, एमपेग-४ नाही. ते घेऊ नका. एकाच कंपनीच्या कार्डाशिवाय न चालणारेही नको. जीसॅट-१५ उपग्रहावरून दूरदर्शनची ही सेवा मिळते, ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्याही मिळतात. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तुमच्याकडून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंशांवर. या छत्रीला फक्त ३ अंशांतले दिसते, म्हणून होकायंत्र आणि कोनमापक घेऊन मुलांकडूनच दिशा लावून घ्या.

त्यांनी तसे केले. शाळेच्या आग्नेय कोपऱ्यात आंब्याचे मोठे झाड असल्याने छत्री छपराच्या दुसऱ्या टोकाला न्यावी लागली. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत चित्र दहा मिनिटे गेले. छत्री हलली असे समजून एक मुलगा वर चढायला निघाला, त्याला सरांनी अडवले. पावणेतीन सेंटिमीटरच्या लहरींना पावसाचे थेंब अडवतात. गुलबर्ग्याच्या जाळीवर उतरणाऱ्या ३५ सेंटिमीटरच्या लहरींना तो पाऊस जाणवलाही नसता.