वेर्नर क्राउसचे चेहरे

नट भूमिकेआड जितका दिसेनासा होतो तितका तो मोठा, असे आपण मानतो. जर्मन रंगभूमीवर या कसोटीला वेर्नर क्राउसइतका (१८८४–१९५९) उतरलेला नट क्वचितच सापडेल. दिग्दर्शक माक्स राइनहार्टने त्याला बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये आणले. १९२० मध्ये ‘डॉ. कॅलिगरी’ या मूकपटातल्या शीर्षकभूमिकेने त्याचे नाव जगभर नेले. १९२२ च्या मूकपटांत ‘ऑथेल्लो’तला कपटी इयागो त्याने केला आणि लेसिंगच्या नाटकातला शहाणा, क्षमाशील ज्यू नाथानही. १९३१ मध्ये त्सुकमायरच्या ‘कोपेनिकचा कॅप्टन’ नाटकात तो लष्करी गणवेश चढवून अख्खी नगरपालिका ताब्यात घेणारा गरीब चांभार झाला. अशा नटाच्या नात्झी काळाविषयी लिहिताना माणूस चुकला पण कला थोर होती, अशी वाटणी सहज केली जाते. ती मला मान्य नाही. राजवटीने त्याच्याकडून घेतली ती कलाच.

१९४० चा ‘यूट झ्युस’ हा चित्रपट पाहा. अठराव्या शतकातल्या वुर्टेम्बर्गच्या दरबारातील झ्युस या ज्यू सावकाराचे हे द्वेषाने रंगवलेले चित्र. नायकाची भूमिका फेर्डिनांड मारियानची. पण धर्मगुरू लोएव, चिटणीस लेव्ही आणि आणखी काही छोट्या ज्यू भूमिका एकट्या क्राउसने केल्या. दाढी वेगळी, वय वेगळे, चाल आणि आवाज वेगळा, मागे माणूस एकच. ज्यू कितीही निराळे दिसले तरी आतून सारे सारखेच, हा प्रचाराचा दावा त्यामुळे संवादात मांडायचीही गरज उरली नाही. सामान्य नटाला हे जमलेच नसते. हिमलरने हा चित्रपट एसएस आणि पोलिसांना दाखवण्याचे फर्मान काढले, हे इथे विसरता येत नाही. आपल्यावर दबाव होता, असे युद्धानंतर क्राउसने सांगितले. गोबेल्सच्या राज्यात दबाव खराच असणार. तरी १९३३ पासून काही काळ तो नात्झींच्या नाट्यसंस्थेचा उपाध्यक्ष होता, आणि १९४३ मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये त्याने शेक्सपिअरचा ज्यू सावकार शायलॉक रंगवला. शायलॉक तर सगळेच मोठे नट करतात, असे कोणी म्हणेल. खरे आहे; पण तोवर व्हिएन्नातले बहुतेक ज्यू हद्दपार झाले होते, आणि त्या शहरात त्या वर्षी शायलॉकला किळसवाणा करणे याला शेक्सपिअरच्या परंपरेचा आधार पुरत नाही.

दुसरी वाट नव्हती, हेही पटत नाही. ‘कॅलिगरी’त त्याच्या इशाऱ्यावर झोपेत चालणारा कोनराड फाइट १९३३ मध्ये देश सोडून गेला, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्याच झ्युसची सहानुभूतीची भूमिका त्याने केली. दुसरा मोठा नट आल्बर्ट बासरमान याची पत्नी ज्यू वंशाची. तिच्यासह तो परागंदा झाला आणि इंग्रजी जेमतेम येत असताना सत्तरीनंतर हॉलिवूडमध्ये उभा राहिला. जर्मन भाषेतल्या श्रेष्ठ नटाला मिळणारी इफलांड अंगठी याच बासरमानकडे होती. १९५२ मध्ये तो वारला, आणि १९५४ मध्ये ती क्राउसला देण्यात आली. देणाऱ्यांनी त्याच्या अभिनयाचा गौरव केला. पण नाथान त्याच्या खात्यावर जमा होत असेल, तर लेव्हीही त्याच खात्यावर मांडावा लागतो.