पैसे देणाऱ्या यंत्राची सारणी

27 जून 1967 रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने भिंतीत पैसे देणारे यंत्र बसवले. त्याला एकच काम येई : कागदी चिठ्ठी घ्यायची आणि 10 पौंड द्यायचे. पुढे शिल्लक सांगणे, खात्यातून खात्यात पैसे वळवणे अशी कामे वाढत गेली. दर नव्या कामासाठी आज्ञावली पुन्हा लिहायची म्हटली, तर ती गावोगावच्या यंत्रांत भरणार कोण?

डीबोल्ड आणि एनसीआर या अमेरिकी कंपन्यांच्या यंत्रांत यावर काढलेली तोड आम्हाला फार आवडते. त्यातल्या आज्ञावलीला ‘पैसे काढणे’ म्हणजे काय, हे ठाऊकच नसते! तिला येतात त्या सुट्या पायऱ्या : कार्ड वाचणे, गुप्त अंक घेणे, रक्कम विचारणे, बँकेच्या संगणकाला निरोप धाडणे. त्यांचा क्रम एका सारणीत असतो. एनसीआरच्या पद्धतीत सारणीची ओळ म्हणजे पायरीचा प्रकार सांगणारे एक अक्षर आणि तीन-तीन अंकांचे आठ गट. एकूण 25 चिन्हे. ‘ए’ म्हणजे कार्ड वाचा. पुढचे गट सांगतात : पडद्यावर काय दाखवायचे, कार्ड वाचता आले तर कितव्या ओळीवर जायचे, नाही आले तर पडद्यावर काय दाखवायचे. ही सारणी बँकेचा संगणक तारेवरून पाठवतो. वेळापत्रक बदलताना आपण शिक्षक बदलत नाही, तसेच हे. नवा व्यवहार म्हणजे यंत्रापुरत्या काही नव्या ओळी आणि पडद्यावरचा मजकूर. हिशेबाची बाजू बँकेच्या संगणकाने सांभाळायची.

मात्र पायरीच नवी असेल, तर सारणी हतबल. चिपची कार्डे आली तेव्हा चिपशी बोलणारी पायरी जुन्या यंत्रांत नव्हती. तिथे आज्ञावलीलाच हात घालावा लागला, आणि कार्ड वाचणारा भागही बदलावा लागला.